धुळीत बसलेला पाहुणा

“बांध धरायला जे धावले ते बुडाले, आणि गच्चीवर चढून बघत राहिले ते वाचले. हा न्याय कुणाचा?”

हा प्रश्न अबीशूराने जन्मभर विचारला. कुणीही त्याला उत्तर दिले नाही. ज्यांनी दिले असे म्हटले, त्यांनीही नाही.

पूर्वी, सियोन पर्वतावरचे परमेश्वराचे मंदिर शत्रूने लावलेल्या आगीत जळून गेले आणि इस्राएलाची लेकरे साखळदंडांनी बांधून बाबेलला नेली गेली, त्या बंदिवासाच्या काळात कबार नावाच्या कालव्याच्या काठी आपल्या लोकांची एक वसाहत होती. खजुरीच्या बनांनी वेढलेली, लव्हाळ्यांच्या सळसळीने भरलेली ती भूमी दुरून रम्य दिसे. पण जवळ जावे तो सगळीकडे वीटभट्ट्यांचा धूर. बाबेलच्या गर्विष्ठ राजाचे गगनचुंबी बुरूज ज्या विटांवर उभे होते त्या विटा आपल्या पूर्वजांच्या पायांनी मळलेल्या मातीच्या होत्या. दिवसभर राजाच्या बुरुजांसाठी माती मळायची आणि संध्याकाळी, पाय धुऊन, भट्टीच्या उबेला बसून देवाची पोथी ऐकायची, हा तिथला नेम होता.

पोथी वाचायचा तो यदाया. हमुटल नावाच्या विधवेचा हा थोरला मुलगा, शांत, गंभीर, शास्त्र जाणणारा. मधला हनमेल, हसरा, विसरभोळा आणि बैलासारखा बळकट. धाकटा अबीशूर. त्याला अक्षर ओळखीचे नव्हते, धीर तर त्याहून नव्हता. पण थोरल्याच्या तोंडून ऐकलेले त्याच्या मनात मातीतल्या ठशासारखे उमटत असे. ऊस नावाच्या देशातल्या त्या पीडित पुरुषाची पोथी त्याने इतक्या वेळा ऐकली होती की यदाया कुठे श्वास घेतो हेही त्याला ठाऊक होते. तो पुरुष निर्दोष होता, तरी त्याची गुरे गेली, लेकरे गेली, अंगाला फोड आले, आणि तो राखेत बसून राहिला.

एका वसंतात डोंगरांवरचा बर्फ वितळून बाबेलची महानदी फुगली आणि कबारचा बांध भर सकाळी फुटला. गच्च्यांवर माणसे चढली, हाका मारू लागली, देवाला आणि एकमेकांना दोष देऊ लागली. त्या वेळी यदाया आणि हनमेल मात्र खाली उतरले. फुटलेल्या तोंडाला त्यांनी वीटभट्टीच्या लाकडी फळ्या आडव्या लावल्या आणि पाठी टेकून उभे राहिले. खालच्या आळीतली बायका-मुले उंचावर पोहोचेपर्यंत ते उभे होते. मग फळ्या गेल्या. फळ्यांबरोबर तेही गेले.

अबीशूर त्या दिवशी वरच्या भट्टीवर होता. धावत आला तेव्हा पाणी ओसरत होते. दोन्ही भावांना त्याने आपल्या हातांनी लव्हाळ्यांतून काढले, धुतले, वस्त्रात गुंडाळले, आणि उंचवट्यावर शेजारी शेजारी माती दिली. पुढचा भाऊ गेला म्हणजे वाट दाखवणारा जातो, आणि मग चालायचेही आपल्यालाच आणि वाटही आपणच शोधायची. ज्याच्यावर वेळ आली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

आपल्या लोकांत शोकाचे काही नियम आहेत. छातीवरचे वस्त्र फाडायचे, आसन सोडून जमिनीवर बसायचे. माती देऊन आल्यावरचा पहिला घास शोक करणाऱ्याने आपल्या घरचा खायचा नाही. तो शेजाऱ्याने बाहेरून आणून द्यायचा. तोही बहुधा मसुराचा, कारण इतर कडधान्यांना चीर असते, मसुराला ती नसते. शोक करणाऱ्याला तोंड नसते, तसे मसुरालाही तोंड नसते. असा घास पोटात गेला म्हणजे माणूस जगायला कबूल झाला, असे वडीलधारे मानत.

हमुटल आणि अबीशूर फाटक्या वस्त्रांनी जमिनीवर बसले. शेजारच्या नामाकाकीने मसूर चुलीवर चढवले. पण मसूर शिजण्याआधी तीन पंडित आले.

पहिले अज्रीकाम. बसता बसताच त्यांनी हात उंचावला आणि ते धीरगंभीर स्वरात म्हणाले, “हे मातोश्री, शोक आवर! सोने मुशीत तापल्यावाचून शुद्ध होत नाही. परमेश्वर ज्यांच्यावर प्रीती करतो त्यांनाच अग्नीत घालून पारखतो!”

“तुमचे मुलगे त्याला आवडत नाहीत वाटतं?” अबीशूर म्हणाला. “ते तर गच्चीवर वाळत बसले होते.”

दुसरे पलत्या. ते घसा साफ करून म्हणाले, “रागावू नकोस. शास्त्राचा निष्कर्ष कठोर असतो. न्यायी देव विनाकारण दंड देत नाही. दोष त्या दोघांचा नसेलही. कदाचित तुमच्या वडिलांचा असेल. यरुशलेमच्या वेढ्यात त्यांनी काय केले, काय नाही, हे आपल्याला काय ठाऊक?”

हे ऐकताच हमुटलने तोंड भिंतीकडे फिरवले. त्या क्षणापासून ती बोलायची थांबली.

तिसरे वृद्ध मत्तन्या. ते मनाने खरोखरच चांगले होते, म्हणून त्यांचे बोलणे सगळ्यांत जास्त लागले. “बाळा,” ते म्हणाले, “ऊस देशाच्या पीडिताची पोथी आठव. शेवटी काय झालं? प्रभूने त्याला सगळं दुप्पट दिलं.”

“मेंढ्या दुप्पट दिल्या!” अबीशूर ओरडून उभा राहिला. “उंट दुप्पट दिले, बैल दुप्पट दिले! आणि लेकरं? लेकरं जेवढी गेली तेवढीच. माझ्या भावाने वाचलंय, मी ऐकलंय. दुप्पट का नाही दिली, सांगा ना पंडित! नवी लेकरं आली, ती जुनी नव्हती, हे देवालाही कळलं होतं. तुम्हाला एवढं कळेना?”

पंडित उठायला लागले. पण अबीशूराला तेवढे पुरले नाही. तो दारात गेला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असा गरजला, “ज्याच्याकडे उत्तर नाही त्याने या उंबऱ्यात पाय ठेवू नये! आणि ज्याने माझे भाऊ नेले त्यालाही मी सांगतो. तू आधी बोल. तू बोलेपर्यंत मी तुझ्याशी चकार शब्द बोलणार नाही. ना स्तुती, ना प्रार्थना, ना शिवी!”

अशी शपथ त्याने जळालेल्या मंदिराच्या नावाने घेतली. इस्राएलात शपथ म्हणजे दगडावरची रेघ. पंडित मान खाली घालून निघून गेले. नामाकाकी मसुराचे मडके घेऊन अर्ध्या वाटेवर आली होती, ती तिथूनच परत फिरली. दारे बंद झाली. आणि त्या उतावळ्या तरुणाच्या लक्षातच आले नाही की शेजाऱ्यांना हाकलताना त्याने आईचा पहिला घासही हाकलून लावला होता.

ती शपथ स्वर्गात पोहोचली.

तिथे, नीलमण्यासारख्या स्वच्छ फरसबंदीवर, अग्निचक्रांच्या आणि करूब नावाच्या देवदूतांच्या पंखांच्या वर, विश्वनियंत्याचे सिंहासन झळकत होते. सराफ नावाचे सहापंखी देवदूत ‘पवित्र, पवित्र’ गात होते. अबीशूराचे शब्द येताच ते गाणे थांबले. देवदूतांतला आरोपकर्ता, ज्याचे कामच माणसांच्या उणिवा दाखवणे, तो पुढे झाला.

“महाराज,” तो म्हणाला, “एक मौन पाळणारा भेटला. आपण ज्या यदायाला निर्दोष म्हणता त्याच्याच भावाने आपल्याशी बोलणे सोडले. ऊस देशात केले तसे मी काही केले नाही हं, या खेपेला मी कालव्याकडे फिरकलोही नव्हतो.”

दयेचा दूत हात जोडून म्हणाला, “हे करुणासागरा, त्याला उत्तर द्या. आपल्यापाशी उत्तर आहे. एक शब्द बोला, तो उठेल.”

सर्वसाक्षी परमेश्वर सिंहासनावरून उठला. त्याने मस्तकावरचा प्रकाशाचा मुकुट उतरवला, आपले जांभळे राजवस्त्र छातीपाशी फाडले आणि तो अनवाणी निघाला.

“स्वामी, कुठे?” दूत घाबरून म्हणाले.

“शोकाच्या घरी.”

“तिथे जाऊन त्याला सांगणार ना, का ते?”

“शोकाच्या घरी जाणाऱ्याने आधी बोलू नये,” परमेश्वर म्हणाला. “हे मीच त्यांना शिकवले. मी शिकवलेले मीच मोडू?”

आणि तो त्रैलोक्याचा स्वामी, ज्याच्या पायाशी पृथ्वी हे नुसते पादासन, तो हमुटलच्या दारापाशी आला आणि धुळीत बसला. कुणालाही दिसला नाही. फक्त धूळ तेवढ्या जागेत दबली. वारा तिथून वळसा घेऊन जाऊ लागला. चरायला निघालेल्या शेळ्या तिथे आल्या की थबकत आणि बाजूने जात. आत अबीशूर दात आवळून वाट पाहत होता की देव आधी बोलेल. बाहेर देव वाट पाहत होता की अबीशूर आधी बोलेल.

दिवस गेले. हमुटल पाणी घोटभर घेई, एवढेच. तिचे डोळे आत गेले, हात काटक्यांसारखे झाले. शेवटी अबीशूराने स्वतःच पीठ मळून भाकर भाजली आणि तिच्यापुढे धरली.

“आई, खा.”

तिने मान हलवली.

“आई, खा गं. मी भाजलीय. करपलीय थोडी, पण खा.”

तिने मान हलवली आणि बोट दाराकडे केले. घरची नव्हे. बाहेरची. मग तिचा हात खाली पडला.

आता कुठे अबीशूराच्या डोक्यात प्रकाश पडला. तिला कुणी उपाशी ठेवले होते ते त्याला दिसले. तो दाराकडे धावला. आळी रिकामी होती. सगळी दारे त्याच्याच शब्दाने बंद होती.

त्याच वेळी मृत्यूचा दूत, ज्याच्या सर्वांगावर डोळे आहेत आणि ज्याचा एकही डोळा कधी मिटत नाही, हमुटलला न्यायला त्या आळीत उतरला. त्याला आज्ञा होती की सूर्य मावळताच तिचा श्वास घ्यायचा. तो दारापर्यंत आला आणि जागच्या जागी खिळला. त्याच्या वाटेत त्याचा स्वामी धुळीत बसला होता. ‘वाट द्या’ म्हणायची त्याची छाती होईना. तो तलवार पाठीमागे धरून उभा राहिला आणि पश्चिमेकडे पाहू लागला. खजुरीच्या शेंड्यांना सूर्य टेकत होता.

अबीशूर उंबऱ्यात उभा होता. कुणाला हाक मारावी? हाकलले होते त्यांना? कोणत्या तोंडाने? शेजाऱ्यांचा दुरावा एक वेळ मोडता आला असता, पण देवाला हाक मारायची तर शपथ आडवी येत होती. मी आधी बोललो तर हरलो, असे त्याला वाटत होते. भावांच्या वतीने तो एवढे एकच लढत होता, आणि तेही हरायचे?

त्याची नजर खाली गेली. दाराशेजारची धूळ दबलेली होती. सगळीकडे वारा धूळ उडवत होता आणि तेवढी जागा मात्र, कुणी जड माणूस किती वेळ बसून असावा, तशी शांत होती. तिथे माणूस नव्हता. पण माणूस बसल्यावर शेजारची जागा जशी भरून जाते, तशी ती जागा भरलेली होती.

अबीशूर त्या जागेसमोर बसला. त्याच्या तोंडी स्तुती आली नाही, प्रश्नही आला नाही. तो एवढेच म्हणाला,

“आई उपाशी आहे.”

मग, “आणि मला काही सुचत नाही.”

“किती थांबवलंस रे,” समोरून आवाज आला. तो मेघगर्जनेचा नव्हता. फार वेळ गप्प बसल्यावर माणसाचा आवाज जसा घोगरा होतो, तसा होता.

अबीशूर दचकला, पण हलला नाही. “तू इथे कधीपासून आहेस?”

“तू शपथ घेतलीस, तेव्हापासून.”

“मग बोलला का नाहीस?”

“शोकाच्या घरी आधी कुणी बोलायचं? तुझ्या थोरल्याने तुला काय शिकवलं?”

अबीशूराचा राग पुन्हा उसळला, कारण स्वभाव देवापुढेही बदलत नाही. “पण पोथीतला तो माणूस राखेत बसला होता तेव्हाही तू गप्पच होतास! किती वेळ गप्प होतास!”

“माझं मौन पोथीत लिहिलं आहे,” परमेश्वर म्हणाला. “त्या वेळात मी कुठे बसलो होतो, ते लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याला दिसलं नाही. त्याचे मित्र आले, जमिनीवर बसले आणि गप्प राहिले, तोवर ते माझ्यासारखे होते. मग त्यांनी तोंडं उघडली. मी मात्र तो बोलून संपेपर्यंत राखेतच होतो. त्याच्या बोलण्यानेच मला बोलायची वाट मिळाली.”

सूर्याची कड बुडत होती. मृत्यूच्या दूताने पाय बदलला.

“माग,” परमेश्वर म्हणाला. “तुला एक वर देतो. तुला उत्तर हवं होतं. मागशील तर ते देईन, पुरतं देईन. पण ते समजायला तुला सिंहासनापाशी यावं लागेल, आणि तुला घेऊन मलाही जावं लागेल. ही जागा रिकामी होईल.”

अबीशूराने मागे वळून आत पाहिले. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आईची पाठ जेमतेम हलत होती. दाराबाहेर, रिकाम्या वाटेवर, अंगावर काटा आणणारे काहीतरी उभे आहे, एवढे त्याला जाणवत होते. भावांचे न्यायदान एका शब्दाच्या अंतरावर होते. त्याने ओठ चावले, इतके की रक्त आले.

“उत्तर राहू दे,” तो म्हणाला. “जागा सोडू नकोस. मला वर द्यायचाच तर हा दे, की जिथे जिथे कुणी माणूस असा जमिनीवर बसेल, तिथे तू शेजाऱ्यांच्या आधी येऊन बसशील. त्याने शिव्या दिल्या तरी. त्याने शपथ घेतली तरी. आणि माझ्या आईच्या पोटात आत्ता काहीतरी घाल.”

“तथास्तु,” परमेश्वर म्हणाला. “आणि ऐक, हा माझा शापही. जो शोक करणाऱ्याच्या आधी तोंड उघडून माझी बाजू मांडेल, त्याचे शब्द कितीही खरे असोत, त्या घरात ते खोटे ठरतील. आता आईच्या जेवणाचं. त्यासाठी मला उठायची गरज नाही. तू फक्त मोठ्याने हाक मार. तुमच्या विटा चांगल्या असतात, पण भिंती पातळ आहेत.”

“नामाकाकी!” अबीशूराने हाक मारली. “काकी, ये गं!”

पलीकडचे दार लगेच उघडले. ती दारामागेच उभी होती.

“बोललास एकदाचा, मेल्या!” नामाकाकी पदराने डोळे पुसत, मडके सांभाळत आली. “रोज शिजवतेय, रोज ओततेय! आता मसुराचं पोतं संपत आलं, आणि गल्लीतली कुत्री लठ्ठ झाली. हाक मारायला काय झालं होतं तुला? सरक, वाटेत बसू नकोस. आणि तिथे कोण बसलंय?”

“पाहुणा आहे, काकी.”

“मग त्याच्या अंगावर सांडायला नको,” असे म्हणून तिने, काहीही न दिसता, त्या जागेला वळसा घातला आणि ती आत शिरली. हमुटलचे डोके मांडीवर घेऊन तिने पहिला घास भरवला. एक अक्षरही न बोलता. घास गिळला गेला. सूर्य मावळला. मृत्यूच्या दूताने आज्ञेकडे पाहिले, स्वामीकडे पाहिले, आणि आयुष्यात प्रथमच आपले सगळे डोळे मिटून घेऊन तो आल्या वाटेने गेला.

दुसऱ्या घासानंतर हमुटल बोलली. “मीठ कमी आहे,” ती म्हणाली, आणि मग मोठ्याने, पहिल्यांदाच, मुलांची नावे घेऊन रडली.

त्या दिवसापासून इस्राएलात हा जुना नियम कुणी मोडत नाही. शोकाच्या घरी जाणारा माणूस आत जातो, खाली बसतो, आणि शोक करणारा बोलेपर्यंत बोलत नाही. कारण आपल्या आधी तिथे कुणीतरी येऊन बसले आहे आणि तेही गप्प आहे, हे त्याला ठाऊक असते. मत्तन्या पंडितांनी पुढे तीच पोथी अनेकदा वाचली. पण मेंढ्या दुप्पट झाल्याचा श्लोक आला की ते थांबत, अबीशूराकडे बघत, आणि मग पुढे वाचत.

अबीशूराने आपला प्रश्न सोडला नाही. माती मळताना, विटा रचताना, तो रोज देवाला तो विचारी. फक्त आता तो स्वतः आधी बोलत असे.

अनेक वर्षांनी बाबेलचे राज्य बुडाले. नवा राजा आला आणि त्याने बंदिवानांना मायदेशी जायची मोकळीक दिली. वसाहत उठली. गाढवांवर ओझी चढली, म्हातारी माणसे रडू लागली, तरुण गाऊ लागले. हमुटल तोवर गेली होती, आणि कालव्याकाठच्या उंचवट्यावर दोन्ही मुलांच्या शेजारी निजली होती. अबीशूराचे केस पांढरे झाले होते.

आपल्या लोकांची श्रद्धा अशी की शेवटच्या दिवशी मेलेले उठतील आणि परमुलखात पुरलेलेही आपल्या भूमीकडे चालत येतील. काफिला निघायच्या दिवशी अबीशूर त्या उंचवट्यावर गेला. आदल्या महिनाभर तो एका उंटवाल्याच्या मागे लागून सगळी वाट तोंडपाठ करत होता.

“अरे, चल!” खालून लोक ओरडले. “मेलेल्यांना काय घाई आहे?”

“त्यांना नाही, मला आहे. तुम्ही व्हा पुढे!”

तो तिन्ही मातीच्या ढिगांमध्ये बसला आणि मोठ्याने सांगू लागला. “यदाया, नीट ऐक. महानदी ओलांडली की ती उजव्या हाताला ठेवून वर चालत राहायचं. खजुरीची शेवटची बाग लागली की तिला सोडायचं आणि मावळतीला वळायचं. पुढे वाळू आहे, घाबरू नका. आई दमेल, तिला मध्ये घ्या. मग दिमिष्क शहर लागेल. त्याच्या पुढे बर्फाचा डोंगर दिसेल, तो उजव्या हाताला ठेवायचा आणि खाली उतरायचं. नदी लागेल, ती आपली. तिथून चढ आहे. चढ संपला की यरुशलेम.”

काफिल्याची धूळ दूर जाऊ लागली. अबीशूर उठला नाही. त्याने ती सगळी वाट पहिल्यापासून पुन्हा एकदा, सावकाश सांगितली. कारण एकदा सांगितलेले हनमेलच्या कधी लक्षात राहत नसे.